ओला डबा, सुका शिंपला

आमच्या घरात काही गोष्टी रात्रभर ओल्या ठेवत नाहीत. पाणी गाळायचे फडके, भांडी घासायचा काथ्या, ओटा पुसायचे कापड. झोपण्यापूर्वी सगळे पिळून, झटकून तारेवर गेले पाहिजे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला दिलेली पहिली शिकवण हीच. ओल राहिली की जीव पडतात, आणि सकाळी ते आपल्याच हातून मरतात. बेळगावच्या पावसात हे पाळणे किती कठीण आहे ते इथे राहिलेल्यालाच कळेल. जूनमध्ये तारेवर टाकलेले फडके गणपतीपर्यंत वाळत नाही, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

अशा घरात गेल्या आषाढात माझा धाकटा मुलगा पुण्याहून महिनाभर घरून काम करायला आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आई, एक चपटा डबा दे, घट्ट झाकणाचा. आणि एक स्पंज. चार-पाच दिवस ओला राहायला पाहिजे."

"चार-पाच दिवस?" आत्याबाई माजघरातून म्हणाल्या. त्यांना एरवी ऐकू कमी येते. "मग त्यात जीव पडणार की रे. काय करालायस ते तरी सांग."

तो करत होता ते असे. त्याला इवले इवले शिपाई रंगवायचा नाद आहे. शिपाई म्हणजे उंची जेमतेम २८ मिलिमीटर, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. त्यावर डोळा, डोळ्यात बुबुळ, पट्ट्यावर बक्कल, बकलावर चकाकी. रंग अ‍ॅक्रिलिक. एवढ्याशा कामाला रंग लागतो मोहरीएवढा, आणि मोहरीएवढा रंग ताटलीत काढला की पाच मिनिटांत वाळून टिकली होतो. म्हणून त्याला ओला पॅलेट करायचा होता. खाली भिजलेला स्पंज, वर कागद, कागदावर रंग.

मी बी. ए.ला इतिहास घेतला होता. त्याचा संसारात फारसा उपयोग झाला नाही, पण एक खोड राहिली. कुठलीही वस्तू नवी म्हणून समोर आली की हिच्याआधी लोक काय करत होते, हा प्रश्न पडतो. बारीक चित्रे काही कालपरवाची नाहीत. शेकडो वर्षे माणसे नखाएवढ्या जागेत हत्ती-घोडे काढत आली. त्यांच्याकडे ना डबा होता ना स्पंज. त्यांचा रंग कसा ओला राहत होता?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. तो ओला राहतच नव्हता.

जुन्या चित्रकाराची रंगाची वाटी म्हणजे शिंपला. जयपूर-उदयपूरकडचे लघुचित्रकार आजही रंग शिंपल्यातच ठेवतात. युरोपात पोथ्या रंगवणारेही शिंपलेच वापरत. शिंपल्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत, रंग पीत नाही, खोलगट असल्याने रंग मधोमध गोळा होतो, आणि फुकट मिळतो. हिंगूळ, हरताळ, काजळ, लाजवर्द असे रंग पाण्यात दिवसच्या दिवस घोटायचे आणि त्यात बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक मिसळायचा. काम संपले की शिंपला तसाच ठेवून द्यायचा. रंग वाळतो, तडकतो, कडेला पापुद्रा धरतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा एक थेंब टाकून बोटाने चोळले की तोच रंग पुन्हा उठतो. डिंक वाळला तरी पाण्याला ओळख देतो. सगळी गोम एवढ्यात आहे.

माझा विश्वास बसेना, म्हणून मी माळ्यावरची ट्रंक काढली. माझ्या शाळेतली कॅमलिनची रंगपेटी तिच्यात होती. दांडेकरांनी १९३१मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेला तो कारखाना; आमच्या पिढीला रंग म्हटले की तेवढेच माहीत. पेटीचा पत्रा गंजला होता, वड्या भेगाळल्या होत्या, लाल तर अर्धी उडून गेलेली. बोट ओले करून निळ्या वडीवर फिरवले. चाळीस वर्षांनी बोट निळे झाले. मुलाला हाक मारून दाखवले. तो म्हणाला, "माझा अ‍ॅक्रिलिक चाळीस मिनिटांनीसुद्धा असा उठणार नाही."

सावंतवाडीच्या राजवाड्यात मी हेच पाहिले होते, पण तेव्हा लक्षात आले नव्हते. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथल्या दरबार हॉलमध्ये गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारी माणसे बसतात. दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पत्ते, आणि प्रत्येक पत्ता हातानेच रंगवायचा. एक बाई मत्स्यावताराचे खवले काढत होती. वाटीतला रंग कडेला वाळला होता, आणि ती मधला ओला रंग सोडून ओला कुंचला कडेवरच घासत होती. घट्ट रंग हवा असला की कडेचा, पातळ हवा असला की मधला. वाळणे ही तिच्या लेखी अडचण नव्हतीच, सोय होती.

आता आमच्या पोथ्यांकडे येते. कल्पसूत्र हा श्वेतांबरांचा ग्रंथ. आम्ही दिगंबर, त्यामुळे तो आमच्या घरात वाचला जात नाही; पण जैन चित्रकलेबद्दल बोलायचे तर त्याला वळसा घालून जाता येत नाही. मांडूला १४३९मध्ये रंगवलेली कल्पसूत्राची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जौनपूरला १४६५मध्ये सोन्याच्या शाईने लिहिलेली दुसरी एक प्रत बडोद्याच्या ज्ञानमंदिरात आहे, आणि ती करवून घेतली होती हर्षिणी नावाच्या एका श्राविकेने. शर्की सुलतानांच्या राजधानीत राहणाऱ्या एका बाईने सोने देऊन पोथी लिहवून घेतली, आणि साडेपाचशे वर्षांनंतरही तिचे नाव पोथीबरोबर राहिले आहे, याचे मला चित्रांपेक्षाही अप्रूप वाटते.

या पोथ्यांतले सोने कसे वापरत? सोन्याचा वर्ख डिंकात घोटून घोटून त्याची पूड करायची, धुवायची, तळाला बसू द्यायची, आणि पुन्हा थोड्या डिंकात कालवून ठेवायची. इंग्रजीत अशा सोन्याला आजही शिंपल्याचे सोने असेच म्हणतात, कारण ते शिंपल्यात वाळवून ठेवत आणि विकतही. लागेल तेव्हा थेंबभर पाणी. एक कणही वाया जात नाही. सोने पाच मिनिटांत वाळून फुकट गेले असते तर हर्षिणीबाईंची पोथी पुरी झाली असती का?

आणि चुकले तर? तर हरताळ. हा पिवळा रंग पोथी लिहिणाऱ्यांचा खोडरबर होता. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा लेप द्यायचा, वाळला की त्यावर नवे अक्षर. आपण मराठीत एखाद्या गोष्टीवर "हरताळ फासला" म्हणतो तो हाच. दुकाने बंद करायच्या हरताळाशी त्याचा काही संबंध नाही, तो शब्द गुजरातीतून आला.

मात्र सगळेच जुने रंग असे समजूतदार नव्हते. इटलीत इसवी सन १४००च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने चित्रकामावर एक पुस्तक लिहिले. तिकडे तेव्हा लाकडी फळ्यांवरची चित्रे अंड्याच्या बलकात रंग कालवून काढत. बलक एकदा वाळला की संपले, पाण्याने उठत नाही. मग चेन्निनी काय सांगतो? रंग नुसत्या पाण्यात वाटून बरणीत भरावा, वर पाणी राहू द्यावे, धूळ जाऊ नये म्हणून झाकावा, आणि बलक ऐन वेळी घालावा. माझ्या मुलाच्या डब्याचे मूळ मला इथे दिसते. जो रंग वाळून परत येत नाही, त्याला पाण्याशेजारी ठेवावे लागते.

पुढचा भाग मी भराभर सांगते. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंना १७८१मध्ये रंगाच्या वड्यांबद्दल सोसायटी ऑफ आर्ट्सचे बक्षीस मिळाले. माझ्या पेटीतल्या वड्या त्यांच्याच वंशातल्या. नंतर १८३५च्या सुमारास विन्सर आणि न्यूटन यांनी रंगात ग्लिसरीन घातले, म्हणजे वडी कोरडीठाक न होता मऊ राहू लागली. ओल बाहेरून न देता रंगाच्या पोटातच घालायची ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. आपण पोळी मऊ राहावी म्हणून कणकेत तेल घालतो, तसलाच प्रकार.

खेळण्यातल्या शिपायांचा इतिहास वेगळ्या वाटेने येतो. जर्मनीत न्यूरेंबर्ग आणि फ्यूर्टला कथलाचे चपटे शिपाई ओतत, आणि ते रंगवायच्या घरोघरच्या बायका आणि मुले, नगावर पैसे घेऊन. आपल्याकडे बायका घरी विड्या वळतात, पापड लाटतात, तसे. राजे-सेनापतींचे डगले कुणाच्या तरी आईने स्वयंपाकघराच्या टेबलावर रंगवलेले होते, आणि तिचे नाव कुठल्याच शिपायाच्या तळाला नाही. पुढे इंग्लंडच्या विल्यम ब्रिटनने १८९३मध्ये आतून पोकळ शिपाई ओतायची रीत काढली. शिसे कमी लागू लागले, शिपाई स्वस्त झाले. नंतर हौशी लोक ते इनॅमलने रंगवू लागले. त्याला टर्पेंटाइनचा वास, पण तो सावकाश वाळायचा. ओला पॅलेट हवा, असे तेव्हा कुणाला वाटण्याचे कारण नव्हते.

घोटाळा केला अ‍ॅक्रिलिकने. अमेरिकेत १९५३मध्ये रोम अँड हास कंपनीने घरांच्या भिंतींसाठी पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक काढले. सिनसिनाटीच्या हेन्री लेव्हिसनने १९५५मध्ये त्याच जातीचा रंग चित्रकारांसाठी लिक्विटेक्स या नावाने आणला. या रंगात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की कण एकमेकांना भिडतात, चिकटतात आणि त्यांचा एकच पापुद्रा होतो. मग वरून कितीही पाणी घाला, तो सुटत नाही. वास नाही, कुंचला पाण्यात धुता येतो, एकावर एक हात चढवले तरी खालचा उठत नाही. हे सगळे खरे. पण शिंपल्यातल्या रंगाला जे जमत होते ते हा विसरला. वाळून परत येणे.

म्हणून डबा. तो कसा केला ते आता सविस्तर सांगते, कारण यात माझा हात आहे.

पहिला प्रयत्न फसला. डबा चांगला होता, मिठाईचा, चपटा, घट्ट झाकणाचा. कागद मी दिला तो मिठाईच्या खोक्यातला मेणकागद. दहा मिनिटांत रंग वाळला. उचलून पाहिले तर कागदाखाली पाणी तसेच. मेण पाणी वर येऊच देत नाही. नुसता साधा कागद घातला तर तो भिजून लगदा होतो आणि कुंचल्याला तुसे येतात. हवा तो मधला. केक-बिस्किटे भाजताना खाली घालतात तो बेकिंगचा कागद. त्यातून पाणी झिरपते, पण अगदी कंजूषपणे. रंगातून जेवढे पाणी हवेत जाते तेवढेच खालून येत राहते, अशी त्याची चाल.

दुसऱ्या वेळी आम्ही स्पंजवर पाणी जास्त ओतले. रंगाचे थेंब पसरत गेले, लाल निळ्यात शिरला, सगळी आमटी झाली. तिसऱ्या वेळी जमले. भांडी घासायचा जाड स्पंज काढून ओटा पुसायचे पातळ स्पंजचे फडके, नवे कोरे, डब्याच्या मापाने कापून तळाला अंथरले. ते पाण्याने पुरते भरून घेतले, आणि डबा तिरका करून सुटे पाणी ओतून दिले. स्पंज चकाकला पाहिजे, पण डबा कलवला तर पाणी धावता कामा नये. कागद कोमट पाण्यात भिजवून घेतला, नाहीतर एकाच बाजूने ओला होऊन पापडासारखा वळतो. मग तो स्पंजवर पसरून मधून कडेकडे तळहाताने हवा काढली. खाली बुडबुडा राहिला की तेवढ्या जागी रंग वाळतो. थालीपीठ थापणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. मुलाने दोनदा सुरकुत्या पाडल्यावर मीच हात घातला.

त्या दिवशी सकाळी काढलेला तपकिरी रंग दुपारच्या चहालाही तसाच होता. झाकण लावून रात्री ठेवला, सकाळीही तसाच. मुलगा खूश.

तिसऱ्या दिवशी मी झाकण उघडले तर कुबट वास आला. चौथ्या दिवशी कागदाच्या कडेला काळे ठिपके. आषाढातले बेळगाव, बंद डबा, ओला स्पंज. दुसरे काय होणार? मी काही बोलण्याआधीच आत्याबाईंनी येऊन पाहिले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं की."

मुलाने सांगितले, असे सगळ्यांचेच होते. लोक त्यात तांब्याचे नाणे टाकतात, बुरशी लवकर धरत नाही. तांब्याच्या कळशीतले पाणी टिकते हे आपल्याला माहीत आहेच. पण माझ्या मनाला ते पटेना. नाणे घालायचे ते कशासाठी? जीव पडूच नयेत म्हणून, की पडलेले मरावेत म्हणून? आणि डबा मी दिला होता, पाणी मी ओतले होते. मुलगा हसला, पण थट्टेने नव्हे. या घरात वाढलेला आहे तो.

तोडगा आत्याबाईंनीच काढला, आणि तोही अगदी त्यांच्या पद्धतीचा. आमच्याकडे गाळलेले पाणी एका मुहूर्तापुरते, म्हणजे ४८ मिनिटे, चालते. लवंग वगैरे घालून केलेले प्रासुक पाणी दोन प्रहर, म्हणजे सहा तास. उकळलेले आठ प्रहर, म्हणजे पुरा दिवस. त्या म्हणाल्या, "उकळलेलं पाणी घाल. उद्या या वेळेला सगळं काढून वाळव. डब्याला तेवढंच आयुष्य." म्हणजे चार-पाच दिवसांचा डबा एका दिवसावर आला. मुलाने थोडी कुरकुर केली, पण पाळले. रोज रात्री स्पंज पिळून तारेवर, आमच्या फडक्यांच्या रांगेत. त्यामुळे झाले असे की तो रंग मोजून काढू लागला. उद्यापर्यंत राहणारच नाही म्हटल्यावर मोहरीऐवजी राईएवढा.

धातूचे रंग, म्हणजे सोनेरी-चंदेरी, ओल्या कागदावर नीट राहत नाहीत. त्यातली चमकी सुटी होऊन पसरते आणि इतर रंगांतही शिरते. त्यासाठी वेगळी कोरडी वाटी लागते. मी म्हटले, बघ, सोन्याला शिंपला लागतोच. कारवारच्या किनाऱ्यावरून कधीतरी आणलेले शिंपले कपाटात होते. पण ते त्याच्या टेबलावर ठेवायला माझाच हात होईना. शिंपला रिकामा असला तरी कुणाचे तरी घर होता. ओडिशातले पटचित्रकार रंग नारळाच्या करवंटीत ठेवतात, हे वाचलेले आठवले. करवंट्या आमच्याकडे रोज निघतात. एक घासून गुळगुळीत करून दिली. कुंचल्याचा प्रश्न आधीच मिटला होता. चांगला कुंचला म्हणजे कोलिन्स्की नावाच्या, दिसायला मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. आपल्या जुन्या चित्रकारांचा खारीच्या शेपटीचा. मुलगा पहिल्यापासून नायलॉनचा वापरतो. टोक लवकर वाकडे होते म्हणतो, पण वापरतो.

राहिला शिपायांचा प्रश्न, आणि तो खरा अवघड. एका संध्याकाळी आत्याबाईंनी एक शिपाई तळहातावर घेतला, चष्मा वर-खाली करून पाहिला आणि विचारले, "रंगवून झाल्यावर यांचं काय करतोस?" तो म्हणाला, "मित्रांबरोबर खेळतो. लढाई असते. फासे टाकायचे, ज्याचा शिपाई मेला तो बाजूला."

"यशोधराचा कोंबडा," त्या म्हणाल्या.

यशोधर राजाची गोष्ट दिगंबर घरांत लहानपणीच ऐकवतात. पुष्पदंताने दहाव्या शतकात मान्यखेटला ती अपभ्रंशात लिहिली, जन्नाने तेराव्या शतकात कन्नडमध्ये, आणि तिच्या चित्रांच्या पोथ्याही पुष्कळ झाल्या. आईच्या हट्टाखातर राजा बळी द्यायला तयार होतो, पण खरा कोंबडा नको म्हणून पिठाचा, हुबेहूब दिसणारा कोंबडा करवून तो कापतो. तेवढ्या संकल्पाने मायलेकांना पशूंचे जन्म घ्यावे लागतात. कोंबडा पिठाचा होता, पण मारायची इच्छा पिठाची नव्हती.

मी मुलाच्या बाजूने एच. जी. वेल्सला उभे केले. या इंग्रज लेखकाने १९१३मध्ये शिपायांच्या खेळाचे नियम सांगणारे पुस्तक लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटूचे युद्ध किती बरे, ज्यांना लढायचेच आहे त्यांनी असे खेळून घ्यावे, असे त्यात त्याचे म्हणणे. आत्याबाईंनी ऐकून घेतले. "मग लढाया थांबल्या काय?" पुस्तक आले त्याच्या पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले, हे मला इतिहासाच्या पेपरापासून पाठ आहे. मी गप्प बसले.

मुलगाच म्हणाला, "आज्जी, खेळतो मी वर्षातून दोनदा. रंगवतो रोज." त्यावर त्यांनी तो शिपाई परत त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "याचा डावा डोळा तिरका झालाय, बघ." खरेच झाला होता. ८४ वर्षांच्या डोळ्यांना तो कसा दिसला कोण जाणे.

महिना संपल्यावर तो पुण्याला गेला. डबा, स्पंजची दोन फडकी, कापून ठेवलेले कागद आणि करवंटी मी जुन्या पिशवीत घालून दिले. परवा फोनवर विचारले, रोज वाळवतोस ना? म्हणाला, इथं गॅलरीत जागा नाही, पाणी उकळून घालतो पण डबा फ्रिजमध्ये ठेवतो, तीन दिवस जातात. आत्याबाई शेजारीच बसल्या होत्या. काय म्हणतोय, त्यांनी विचारले. मी म्हटले, वाळवतो म्हणतोय.